हलका ट्रक, खडा कातळ

मोटारींच्या खेळाचा विषय निघाला की वेग, धूळ आणि इंजिनांचा गडगडाट हे चित्र आपोआप मनात उमटते. परंतु या खेळाची एक शाखा अशी आहे की, जिच्यात जिंकणारी गाडी माणसाच्या चालीपेक्षाही संथ चालते. खेचरही जेथे क्षणभर थबकेल अशा खडकाळ चढणीवरून, चाक घसरू न देता आणि गाडी उलटू न देता वर जाणे, एवढेच तिचे उद्दिष्ट असते. इंग्रजीत या खेळाला ‘रॉक क्रॉलिंग’ म्हणतात. मराठीत ‘कातळचढाई’ म्हणावयास हरकत नसावी. अशा ट्रकाची हातभर लांबीची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती घरच्या घरी कशी तयार होते आणि ती हलकी करताना कोणते प्रश्न उभे राहतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या खेळाचे माहेर अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपगाड्या नागरिकांच्या हाती आल्या आणि हौशी मंडळींनी त्या डोंगरात नेल्या. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात ‘रुबिकॉन’ नावाची एक जुनी वाट आहे. वाट म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांची रांगच. १९५३ साली जीपधारकांचा पहिला सामुदायिक प्रवास या वाटेने झाला आणि त्याला ‘जीपर्स जांबोरी’ हे नाव मिळाले. यूटा राज्यात मोआब येथे लालसर वालुकाश्मावर १९६७ पासून ईस्टरच्या सुमारास असाच मेळावा भरतो. पुढे २००३ मध्ये जीप कंपनीने आपल्या एका गाडीला रुबिकॉन हेच नाव दिले. तिच्यात चढणीसाठी ४ : १ असा अतिमंद गिअर आणि दोन्ही आसांवरील चाके एकत्र जखडण्याची सोय होती. आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे ही गाडी आपल्या आजोबांच्या पिढीलाही परकी नव्हती. मात्र तिने येथे वनखात्याची, पोलिसांची आणि निवडणुकीची कामे केली. दगडावर चढण्याचा खेळ तिच्या वाट्याला क्वचितच आला.

प्रतिकृतींची कथा जपानपासून सुरू होते. शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली. त्याच कंपनीच्या १९८७ मधील ‘क्लॉड बस्टर’ या अवाढव्य चाकांच्या ट्रकाचे दोन्ही आस स्वतंत्र मोटारीचे होते. पुढे कातळचढाईची हौस असणाऱ्यांनी नेमके हेच आस काढून घेतले आणि त्यांभोवती स्वतःचे सांगाडे रचले. म्हणजे या छंदाचा आरंभच मोडतोड आणि जोडणी यांतून झाला. २००७ मध्ये ॲक्सिअल कंपनीचा ‘एएक्स १०’ हा खास याच कामासाठीचा संच आला, २०१७ मध्ये ट्रॅक्ससचा ‘टीआरएक्स-४’ आला आणि आता तळहातावर मावणारे ट्रकही मिळतात. तरीही जुनी खोड गेलेली नाही. विकत आणलेला ट्रक आहे तसा ठेवणारा माणूस या छंदात विरळाच.

आता हैदराबादविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे तेथील शाखेत नेमणुकीस आहे. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला दगड म्हणजे काळा बेसाल्ट एवढेच ठाऊक असते. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हैदराबादच्या ग्रॅनाइटचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. एकावर एक ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या, हत्तीएवढ्या गुलाबी-करड्या शिळा शहराच्या पश्चिमेस खाजागुड्यापासून पुढे जागोजागी उभ्या आहेत. इमारतींसाठी त्यांतील कितीतरी फोडल्या गेल्या. उरलेल्या वाचाव्यात म्हणून १९९६ साली शहरातील नागरिकांनी ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था स्थापन केली. या ग्रॅनाइटचा पृष्ठभाग ऊन-पावसाने झिजून खरखरीत झालेला असतो. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण पॉलिश पेपरवरच्या वाळूसारखे बोटांना लागतात. मऊ रबराच्या टायरला याहून चांगली जमीन मिळणे अवघड. शेवाळलेल्या बेसाल्टवर मात्र पावसाळ्यात माणूसही टिकत नाही, तेथे ट्रकाची काय कथा!

एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडून १ : १० प्रमाणाचा एक वापरलेला ट्रक १४,००० रुपयांस घेतला, तेव्हा घरात वडीलही राहावयास आले होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. एस. टी. च्या कार्यशाळेत तेहतीस वर्षे मेकॅनिक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले. २०२२ च्या अखेरीस त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. चालणे बऱ्यापैकी परत आले, वाचा शाबूत राहिली. उजव्या हाताची पकड मात्र गेली. व्यायामासाठी दिलेला स्पंजचा चेंडू ते दोन दिवस दाबत आणि तिसऱ्या दिवशी खिडकीत ठेवून देत. “लहान पोराचा खेळ आहे,” एवढेच म्हणत. ज्या माणसाने आयुष्यभर पाना हातात धरला, त्याला चहाचा कप डाव्या हाताने उचलावा लागतो, हे पाहणे घरच्यांना जड जात होते. त्यांना किती जड जात असेल हे विचारण्याचे धाडस कोणी केले नाही.

ट्रक टेबलावर उघडला, तेव्हा ते खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

अशा ट्रकाची अंतर्रचना खऱ्या गाडीशी प्रामाणिक असते. मधोमध मोटार आणि गिअरपेटी. तिच्यातून पुढे आणि मागे दोन प्रोपेलर शाफ्ट. दोन भरीव आस. प्रत्येक आस सांगाड्याला चार दांड्यांनी जोडलेला. यांपैकी वरच्या दोन दांड्या त्रिकोणात बसवलेल्या असतात, त्यामुळे आस वर-खाली होऊ शकतो, पण आडवा सरकत नाही. डिफरन्शियल मुळातच जखडलेले असते. नेहमीच्या मोटारीत वळताना आतले व बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरावे म्हणून डिफरन्शियल असते. पण एक चाक अधांतरी झाले की सारी गती त्याच चाकाकडे पळते आणि जमिनीवरचे चाक स्वस्थ बसते. कातळावर एखादे चाक हवेत असणे हा नित्याचा प्रकार, म्हणून येथे दोन्ही चाके एकाच दांड्याला बांधलेली. त्याची किंमत म्हणून वळण मोठे पडते. मोटार साधी ब्रशवाली, पस्तीस वेढ्यांची. वेढे जितके जास्त तितकी मोटार संथ आणि तितकी दमदार. आमच्या ट्रकात दाते मोजून पाहिले, तर मोटारीच्या ४१ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. टायरचा व्यास ११० मि.मी. आहे, अर्थात मोटार एकदा फिरली की ट्रक जेमतेम साडेआठ मिलिमीटर सरकतो. दगडाच्या काठावर अडकलेले टायर अलगद पुढे नेण्यासाठी ही संथ गतीच उपयोगी पडते.

ट्रक आणला तसा स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवला, तर वजन ३,०६० ग्रॅम भरले. बँकेतील माणसाची सवय जात नाही; प्रत्येक भाग सुटा करून, तोलून, त्याची रीतसर तेरीज काढली. चार चाके मिळून ८२० ग्रॅम. आतील बैठका, आरसे, छतावरचे कॅरिअर यांसह टणक प्लॅस्टिकची बॉडी ६४०. दोन्ही आस ३८०. पोलादी सांगाडा आणि बंपर ३३०. मोटार व गिअरपेटी ३००. बॅटरी २९०. शॉक ॲब्सॉर्बर, दांड्या आणि शाफ्ट १८०. सर्व्हो, नियंत्रक आणि तारा १२०. बेरीज जुळली. सगळ्यांत जड चाके आणि त्यांखालोखाल बॉडी, असा निष्कर्ष निघाला आणि ‘वजन उतरवायचे’ असे मी जाहीर केले.

अण्णांना हे मुळीच पटले नाही.

“अरे, गाडीला वजन नसेल तर ती रस्ता धरणार कशी?” त्यांनी विचारले. खंबाटकीच्या घाटात पावसात रिकामी एस. टी. मागून घसरते आणि भरलेली एस. टी. सरळ वर जाते, हा त्यांचा तीन दशकांचा अनुभव. तो नाकारण्याचे कारणच नव्हते. बसची फक्त मागची चाके ओढतात. उतारू भरले की मागच्या आसावर भार येतो आणि तेवढी पकड वाढते. समोरच्या चाकांवरचे वजन मात्र ओढणीच्या दृष्टीने फुकट जाते. आमच्या ट्रकाची चारही चाके ओढतात, त्यामुळे हिशेब बदलतो. चढावर गाडीला खाली ओढणारे बल वजनाच्या प्रमाणात असते आणि टायरची पकडही वजनाच्याच प्रमाणात असते. वजन दुप्पट केले तर दोन्ही दुप्पट होतात. पारडे जिथे होते तिथेच राहते. ४५ अंशांच्या चढावर टिकायचे तर घर्षणांक किमान १ हवा. मग ट्रक एक किलोचा असो वा तीन किलोचा.

असे असेल तर हलके करण्याचा खटाटोप कशासाठी, हा त्यांचा पुढचा प्रश्नही रास्तच होता. पाठ्यपुस्तकातील नियम रबराला तंतोतंत लागू पडत नाही, हे त्याचे एक उत्तर. रबरावरचा दाब वाढत गेला की पकड वाढते खरी, पण त्याच प्रमाणात वाढत नाही. म्हणून कमी भाराचे मऊ टायर दर ग्रॅममागे थोडी अधिक पकड देते. दुसरे उत्तर अधिक व्यावहारिक आहे. हलक्या ट्रकाला लहान बॅटरी पुरते; लहान बॅटरीमुळे तो आणखी हलका होतो. मोटार कमी तापते, गिअरचे दाते कमी झिजतात, आणि चार फुटांवरून गडगडत खाली आला तरी बहुधा काही मोडत नाही.

तरीही अण्णांच्या म्हणण्यात एक गोष्ट अशी होती की, जिने साऱ्या कामाला दिशा दिली. ते म्हणाले, “किती वजन आहे ते नंतर बघ. कुठे आहे ते आधी बघ. टपावर सामान चढवलेली गाडी वळणावर कशी डुलते, हे आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही.”

गुरुत्वमध्याची उंची मोजण्याची एक सोपी रीत आहे. ट्रक एका फळीवर आडवा उभा करावा. खालच्या बाजूच्या टायरांशी पातळशी पट्टी लावावी म्हणजे तो घसरणार नाही. शॉक दाबून केबल-टायने बांधून टाकावेत, नाहीतर बॉडी एका अंगाला कलून माप चुकते. मग फळी हळूहळू उचलावी आणि ट्रक कलंडतो तो कोन मोबाइलवर पाहावा. मध्यरेषेपासून टायरच्या टेकूपर्यंतचे अंतर ठाऊक असले की उंची निघते. आमच्या ट्रकात हे अंतर १०५ मि.मी. आणि कलंडण्याचा कोन ४४ अंश; म्हणजे गुरुत्वमध्य जमिनीपासून १०९ मि.मी. वर. पुढची व मागची चाके आळीपाळीने काट्यावर ठेवली, तर पुढे १,५०० आणि मागे १,५६० ग्रॅम. दोन आसांमधील अंतर ३१३ मि.मी. या आकड्यांवरून असे दिसले की, ४५ अंशांच्या चढावर पुढच्या चाकांवर एकूण भाराच्या केवळ १४ टक्के भार उरतो आणि ५४-५५ अंशांना ट्रक मागच्या मागे उलटतो. चौदा टक्के भाराची चाके दगड धरणार नाहीत, वळणारही नाहीत; समोर बोटभर उंचीचा खडा आला तरी पुरे. अण्णांनी कागद हातात घेऊन आकडे दोनदा वाचले. “हेच म्हणत होतो मी,” एवढेच बोलले. चेहरा मात्र कार्यशाळेतला दिसला.

त्यानंतरचे सात-आठ आठवडे वजन वरून काढणे आणि थोडे खाली, पुढे ठेवणे यांत गेले. टणक बॉडी काढून पातळ पॉलिकार्बोनेटची घेतली. ही बॉडी पारदर्शक येते; तिला आतल्या बाजूने रंग द्यायचा असतो, म्हणजे बाहेरून घासली तरी रंग जात नाही. मागचा भाग कापून टाकल्यावर ती १६५ ग्रॅम भरली. एकट्या या बदलाने ४७५ ग्रॅम उतरले, तेही सगळ्यांत उंचावरचे. पोलादी सांगाड्याऐवजी ३ मि.मी. जाडीच्या फायबरग्लासच्या पत्र्यातून दोन बाजू कापल्या. यासाठी जाळीकामाची साधी करवत चालते, परंतु हा पत्रा कोरडा कधीही कापू नये. त्याची भुकटी फुप्फुसांना घातक असते. पत्रा ओला ठेवावा, तोंडाला मास्क बांधावा आणि काम घराबाहेर करावे. नवा सांगाडा १३० ग्रॅमचा झाला. मोटार आणि गिअरपेटी सरकवून पुढच्या आसाजवळ नेली. सर्व्होसाठी अधिक ताकदीचा, २५ किलोग्रॅम-सेंटिमीटरचा सर्व्हो निवडला, कारण जखडलेल्या आसाची चाके दगडांच्या खाचेत वळवणे हलके काम नाही. तेथे १० ग्रॅम वाढले, ते आनंदाने वाढू दिले. दांड्यांत ३० ग्रॅम वाचले.

चाकांच्या बाबतीत अण्णांचा सल्ला निर्णायक ठरला. ॲल्युमिनियमच्या जड रिमा काढून प्लॅस्टिकच्या घेतल्या, त्यामुळे प्रत्येक चाक १०५ ग्रॅमवर आले. मग पुढच्या दोन चाकांत, रिमेच्या आत, पितळेची एकेक कडी घालावी असे त्यांनी सुचवले. वजन कमी करता करता पितळ घालायचे हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु चाकाच्या आतले वजन जमिनीपासून अवघे साडेपाच सेंटिमीटर उंचीवर असते आणि पुढच्या आसावर तर ते हवेच असते. वेगवान शर्यतीच्या मोटारीत फिरत्या भागाचे वजन हा शाप समजतात, येथे ट्रक चालतोच इतका संथ की त्याची बाधा होत नाही. सिकंदराबादच्या राणीगंज बाजारातून पितळ आणले आणि एका लेथवाल्याकडून १३ मि.मी. रुंदीच्या दोन कड्या वळवून घेतल्या. प्रत्येकी ५५ ग्रॅम. मापे अण्णांनी काढून दिली होती. आकडे त्यांनी सांगितले, कागदावर उतरवले मी.

या रिमांत टायर चिकटवलेले नसते. दोन कड्यांमध्ये धरून स्क्रूंनी आवळलेले असते. एका चाकाला सोळा स्क्रू, दोन मिलिमीटरचे. मी कार्यालयातून परत येईपर्यंत अण्णांनी एक चाक पुढ्यात घेतले होते आणि उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर धरण्याचा प्रयत्न चालला होता. मुठीला कापडाची पट्टी गुंडाळून त्यांनी तो जाड केला होता. स्क्रू निसटत होते, टेबलाखाली घरंगळत होते. मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू पुन्हा बसवताना तो आधी उलट दिशेने फिरवावा, जुन्या आट्यात बसल्याची बारीक ‘टक्’ जाणवली की मग सुलट आवळावा. तसे न केल्यास नवा आटा पडून छिद्र बाद होते. ही युक्ती त्यांनीच सांगितली. ती ‘टक्’ मात्र त्यांना उजव्या हाताच्या बोटांना जाणवत नव्हती. म्हणून डावे बोट रिमेवर टेकवून ते तिथून ती ओळखत. पहिल्या चाकाला दोन संध्याकाळी लागल्या. चौथे त्यांनी एका बैठकीत पुरे केले. हात बरा झाला असा दावा मी करणार नाही. व्यायामाचा चेंडू ते आता नियमित दाबतात आणि फिजिओथेरपिस्ट बाईंना चाकांविषयी सांगतात, एवढे खरे.

बारीकसारीक गोष्टींपैकी दोन नमूद केल्या पाहिजेत. धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉकचा एक थेंब द्यावा, परंतु हे द्रव प्लॅस्टिकला लागू देऊ नये. काही प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात. आणि ट्रक हलका झाला की स्प्रिंगही मऊ घ्याव्या लागतात, टायरमधील फोमही मऊ घ्यावा लागतो. तीन किलोंसाठी निवडलेली स्प्रिंग पावणेदोन-दोन किलोंखाली दबतच नाही आणि मग चाक दगडाच्या आकाराला बिलगण्याऐवजी टेबलाच्या पायासारखे उभे राहते. हलका ट्रक बांधणारे पुष्कळ जण येथे अडतात आणि दोष टायरला देतात.

बॅटरीचे प्रकरण थोडे गंभीर आहे. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल नाममात्र ३.७ व्होल्टचा, पूर्ण भारित असता ४.२ व्होल्टचा. याहून जास्त भरला किंवा ३ व्होल्टखाली उतरवला तर तो निकामी होतो, फुगतो, प्रसंगी पेटतो. चार्जर ‘बॅलन्स’ पद्धतीचाच असावा, चार्जिंग चालू ठेवून झोपू नये, आणि महिनाभर वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावा. बदलीच्या नोकरीतील वाचकांसाठी आणखी एक सूचना : विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, हातातील सामानातच न्याव्या लागतात, टोके झाकून. आमची दोन सेलची, १,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम ११ वॉट-तासांची आहे, त्यामुळे १०० वॉट-तासांची मर्यादा येथे आड येत नाही. जुनी बॅटरी २९० ग्रॅमची, ही ८५ ग्रॅमची. तीही पुढच्या आसामागे, अगदी तळाशी. साधारण चाळीस मिनिटे चालते. नियंत्रणाचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ही लहरपट्टी आपल्याकडे २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाली आहे.

नवी तेरीज अशी : चाके ५३०, आस ३८०, मोटार व गिअरपेटी ३००, बॉडी १६५, शॉक, दांड्या व शाफ्ट १५०, सांगाडा १३०, सर्व्हो व तारा १३०, बॅटरी ८५. एकूण १,८७० ग्रॅम. त्यांपैकी १,१२० पुढे आणि ७५० मागे. फळीवर ट्रक आता ५५ अंशांना कलंडला, अर्थात गुरुत्वमध्य ७४ मि.मी.वर उतरला. ४५ अंशांच्या चढावर पुढच्या चाकांवरचा भार १४ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेला. हिशेबाने तो ६८ अंशांपर्यंत उलटणार नाही. टायर त्याच्या बऱ्याच आधी सुटतात, ही गोष्ट निराळी.

खर्चही सांगितलाच पाहिजे, नाहीतर बँकेच्या मासिकात लेख कसला! ट्रक १४,०००, टायर व रिमा ५,२००, बॉडी २,६००, दोन बॅटऱ्या २,४००, सर्व्हो २,३००, पितळी कड्या ६००, फायबरग्लास ४५०, किरकोळ १,००० : एकूण २८,५५० रुपये. जुनी बॉडी आणि ॲल्युमिनियमच्या रिमा विकून ६,५०० परत आले. निव्वळ २२,०५०. रक्कम लहान नाही. हे लहान मुलांचे खेळणेही नव्हे. तसे समजून कोणी घेऊ नये. ज्यांना केवळ चव पाहावयाची आहे त्यांनी १ : २४ प्रमाणाचा लहान ट्रक घेऊन पुस्तकांच्या ढिगावर चालवून पाहावा.

एका रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, आम्ही खाजागुड्याकडील एका शिळेपाशी गेलो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित जागा, मंदिरे, दर्गे यांच्या आवारात ट्रक नेऊ नये हा आमचा नियम. मोकळ्या शिळा पुष्कळ आहेत. शिळेच्या एका अंगाला सुमारे पन्नास अंशांची, पुरुषभर लांबीची उतरण आहे. जुना ट्रक तेथे निम्म्यावर जाऊन पाठीवर पडत असे. रेडिओचे यंत्र पिस्तुलाच्या आकाराचे असते : डाव्या हाताने धरायचे, डाव्या तर्जनीने गती द्यायची आणि उजव्या हाताने लहानसे चक्र फिरवून चाके वळवायची. ते मी अण्णांच्या हाती दिले.

पहिल्या खेपेला ट्रक डावीकडे भरकटला आणि एका खाचेत रुतला. उजवा हात चक्र फिरवताना थांबत नव्हता; एकदा वळला की शेवटपर्यंत वळत जाई. अण्णांनी कोपर बरगडीशी टेकवले, मनगट गुडघ्यावर ठेवले आणि पुन्हा सुरुवात केली. पुढची चाके खरखरीत ग्रॅनाइटवर चिकटल्यासारखी बसली. मागचे उजवे चाक दोन ठिकाणी हवेत गेले, परत टेकले. वरच्या तिसऱ्या भागात एक बोटभर पायरी आहे. तेथे ट्रक थबकला, टायर जागच्या जागी घासले, आणि अण्णांनी गती वाढवण्याऐवजी ती सोडली. ट्रक ब्रेकवर तसाच लटकून राहिला. मग अगदी थोडे डावीकडे वळवून त्यांनी एक चाक आधी पायरीवर टेकवले, मागोमाग दुसरे. घाटात भरलेली बस सोडवतात ती हीच पद्धत असावी. मी विचारले नाही.

माथ्यावर ट्रक थांबल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मागचं अजून हलकं व्हायला पाहिजे. आसाच्या नळीत चाळीस ग्रॅम तरी फुकट आहेत.”

आसाची नळी पोकळ करता येत नाही, कारण आतून दांडा जातो. तिच्यावरचे ओतीव कंगोरे मात्र तासता येतील असे त्यांचे मत आहे. मागचा आस सध्या टेबलावर सुटा पडला आहे. कानस त्यांनी लेथवाल्याकडून स्वतः निवडून आणली असून तिच्या मुठीलाही कापडाची पट्टी गुंडाळलेली आहे.